ह्याची पलटण कुठंय?

आमच्या वारज्याच्या सोसायटीत क्लबहाऊसला प्रोजेक्टर आल्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पिक्चर लावतात, आणि खरं सांगायचं तर पिक्चरपेक्षा नंतरचा चहा आणि वाद जास्त रंगतो. गेल्या वेळी '१९१७' लावला होता, सॅम मेंडिसचा, पहिल्या महायुद्धावरचा, सगळा एका सलग शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो तो. पोरं अर्ध्यातच उठून गेली कारण चिखल, उंदीर, सडलेले घोडे आणि प्रेताच्या पोटात हात जातो तो सीन, कुणाला पॉपकॉर्न खात बघवणार. राहिलो आम्ही सात-आठ जण. तर मध्यावर कुठेतरी तो हिरो सैनिकांनी भरलेल्या ट्रकमध्ये चढतो आणि त्या गोऱ्या पोरांच्यात एक पगडीवाला सरदार बसलेला दिसतो. पुढे ट्रक चिखलात रुततो, सगळे उतरून ढकलतात, आणि पाच-सात मिनिटांत सरदार पिक्चरमधून जातो तो जातोच.

आमच्या सोसायटीत एक रिटायर्ड सुभेदार आहेत, मूळचे सातारकडचे, पिक्चरमध्ये एरवी एक शब्द बोलत नाहीत. ते त्या सीनला पुढे वाकून म्हणाले, "ह्यो एकटाच कसा काय? ह्याची पलटण कुठंय?"

मागच्या रांगेतून एक आयटीतला मुलगा म्हणाला, "काका, ते रिप्रेझेंटेशन असतं, हल्ली टाकावंच लागतं." त्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या की टाकलाय हेच खूप आहे, नाहीतर आपल्याला कोण विचारतं तिकडे. झालं, चहाला दोन पार्ट्या पडल्या आणि दीड तास हाणामारी चालली, आणि सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही. मला मात्र तेव्हापासून वाटतंय की या सगळ्या डायव्हर्सिटीच्या भांडणात बरोबर प्रश्न तेवढा एकच होता.

हे भांडण इंग्लंडात आधीच होऊन गेलंय. जानेवारी २०२० मध्ये तिथला एक नट बोलून गेला की हा शीख मध्येच आला की खटकतं, तुम्ही लोकांवर डायव्हर्सिटी लादताय. मग त्याला चारी बाजूंनी आकडे ऐकवले गेले, की पहिल्या महायुद्धात १३ लाखांच्या आसपास हिंदी माणसं गेली होती आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. नटाने शिखांची माफी मागितली आणि आपण जिंकलो असं वाटून सगळे आपापल्या कामाला लागले.

तो नट चुकलाच होता, त्यात वाद नाही. पण 'आम्ही पण होतो' एवढं म्हटल्याने काम भागत नाही. कुठे होतो, कधी, कुणाबरोबर आणि काय म्हणून, हे विचारलंच पाहिजे ना. कारण आकडा खरा असूनही सीन खोटा असू शकतो.

जरा तपशिलात जाऊया. सप्टेंबर १९१४ अखेर लाहोर आणि ऑक्टोबरमध्ये मीरत डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेला उतरल्या. इंग्रजांची आघाडी तेव्हा इतकी विरळ झाली होती की उतरवले आणि जवळजवळ तसेच खंदकात घातले, अंगावर पातळ खाकी, आणि गरम कपडे यायला उशीर. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल नावाच्या गावावर हल्ला झाला त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, आणि हे सॅपर्स कुठले तर आपल्या खडकीचे! खंदक खणणारी, पूल बांधणारी कारागीर माणसं, ती संगिनी घेऊन गावात घुसली, घराघरातून लढली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या दोन्ही कंपन्यांचे अधिकारी मेलेले तरी किंवा जखमी तरी. खडकी बाजारात भाजी घेताना हे कुणाच्या डोक्यात येत असेल असं वाटत नाही, माझ्याही येत नव्हतं.

पण १९१५ च्या शेवटी हिंदी पायदळ फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला नेलं. पिक्चरची तारीख आहे ६ एप्रिल १९१७. म्हणजे त्या दिवशी तिथे शीख पायदळाच्या पलटणी नव्हत्या. आता नटाच्या बाजूचे लोक म्हणतील बघा, आम्ही सांगत होतो! थांबा. पायदळ गेलं पण घोडदळ राहिलं होतं, ते १९१८ उजाडेपर्यंत. आणि पिक्चरची सगळी गोष्टच अशी आहे की जर्मन लोक अचानक मागे सरकून हिंडेनबर्ग लाइन या आपल्या मागच्या पक्क्या आघाडीवर गेलेत आणि मधला मुलूख मोकळा पडलाय. त्या मोकळ्या पडलेल्या मुलखात जर्मनांच्या मागावर जे घोडदळ सोडलं होतं त्यात हिंदी रिसाले होते, आणि त्या ५ व्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये एका रिसाल्याचं नाव होतं पूना हॉर्स.

म्हणजे मेंडिससाहेबांना काहीही 'टाकायची' गरज नव्हती हो. जाळलेली गावं, तोडलेली फळझाडं, घाण केलेल्या विहिरी आणि त्यातून जाणारे भाले घेतलेले पगडीवाले स्वार, दोन-अडीच वर्षं खंदकांमागे फट मिळायची वाट बघत बसलेले, हे सगळं तिथे होतंच. त्याऐवजी ट्रकमध्ये एक सरदार, पलटण नाही, जमादार नाही, जोडीला दुसरा शीख नाही, आणि टॉमी लोकांशी, म्हणजे गोऱ्या शिपायांशी, अस्खलित इंग्रजीत गप्पा. क्रेडिट्समध्ये त्याचं नाव येतं सिपॉय जोंडालर. आता हे कुठल्या पिंडातलं, म्हणजे तिकडच्या गावातलं, नाव ते कुणी पंजाबी माणसाने मला समजावून सांगावं.

लगेच आपली छाती फुगू नये म्हणून हेही सांगतो की पूना हॉर्समध्ये पुण्याचं नावच जास्त होतं. पेशव्यांशी १८१७ मध्ये झालेल्या तहातून हा रिसाला उभा राहिला, पण महायुद्धापर्यंत त्यात राठोड राजपूत, कायमखानी असे लोक भरलेले होते. का, तर साहेबाने मधल्या काळात ठरवलं की अमुक जाती लढवय्या आणि तमुक नाहीत. यावर पुढे येतोच.

सुभेदारसाहेबांचा प्रश्न म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. फौजेत माणूस पलटणीत असतो. त्या काळी तर एकेक कंपनी एकेका समाजाची, जेवण वेगळं, बोली एक, शेजारच्या गावचा जमादार, मेला तर घरी कळवणारा कुणीतरी ओळखीचा. त्यातून एकाला उचलून परक्या ट्रकात बसवला की तो शिपाई राहत नाही, पाहुणा होतो. पाहुण्याला घाबरता येत नाही, रडता येत नाही, शिव्या देता येत नाहीत. नीट वागून, ट्रकला एक धक्का देऊन तो निघून जातो.

यावर एक जुनं उत्तर ठरलेलं असतं, की अहो युद्धाच्या चिखलात सगळे सारखेच, तिथे कसला काळा-गोरा. ऐकायला फार छान. ब्रायटनला राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी दवाखाना काढला होता, तिथे ९ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती आणि हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. ही झाली आपली मेहेरबानी. आणि त्याच गावात दुसऱ्या दवाखान्याला तारेचं कुंपण, कारण शिपाई बाहेर फिरले आणि गोऱ्या बायकांशी बोलले तर काय, ही साहेबाची काळजी. गोऱ्या नर्सेसनी हिंदी जखमींना हात लावायचा नाही, फक्त देखरेख करायची असा हुकूम. चिखलातून बाहेर काढल्याबरोबर सगळं पुन्हा जागच्या जागी! त्यामुळे चिखलातल्या समतेचा पिक्चर काढणाऱ्याने निदान एकदा तरी चिखलाच्या बाहेर कॅमेरा न्यावा.

२०१७ मध्ये नोलनचा 'डंकर्क' आला, १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या इंग्रज फौजेचा, तेव्हा उलट तक्रार होती, की त्यात आपला एकही माणूस नाही. तिथे होते कोण, तर डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून बोटीने गेलेल्या खेचरांच्या ४ कंपन्या, बहुतेक पंजाबी मुसलमान. त्या थंडीत बर्फात मोटारी अडकायच्या तिथे खेचरं चालायची. मे १९४० मध्ये सगळं कोसळलं, तीन कंपन्या समुद्रापर्यंत पोचल्या, एक जर्मनांच्या हाती लागली, आणि खेचरं फ्रान्समध्येच सोडावी लागली. ज्या माणसाने जनावराला कराचीपलीकडून फ्रान्सपर्यंत आणलं त्याला दोर सोडून किनाऱ्याकडे चालायला सांगितलं तो क्षण, मला तर वाटतं त्या अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्याइतका उदास शॉट दुसरा मिळाला नसता.

तरी 'डंकर्क'वर माझा राग '१९१७'पेक्षा कमी आहे. पटणार नाही काहींना, पण आहे. प्रत्येक पिक्चरने शाळेतल्या मास्तरांसारखी हजेरी घ्यावी असं काही नाही. दोन-तीन पोरं जीव वाचवायला धडपडतायत, तेवढंच दाखवायचंय, दाखव बाबा. वगळलं तर निदान ओरडून सांगता येतं की वगळलं. एक जण ठेवून दिला की ओरडायचीही सोय राहत नाही, म्हणतात घेतलाय की तुमचा एक!

आणि हे 'तुमचा एक' आता नियमातही बसलंय. ऑस्करवाल्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२४ च्या सोहळ्यापासून लागू झालं, बेस्ट पिक्चरच्या शर्यतीत यायचं तर समावेशाच्या ४ निकषांतले २ पूर्ण करा. पडद्यावर नाही जमलं तर पडद्यामागे भरा, ऑफिसात भरा, मार्केटिंगमध्ये भरा. हेतू चांगला असेल, आणि ज्यांना वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही त्यांना त्यातून कामं मिळत असतील तर मिळोत, त्यावर मी कशाला नाक मुरडू. पण पिक्चरच्या आत काय होतं त्याचा याच्याशी संबंध नाही. डोकी मोजली जातात, बस.

आणि डोकी मोजणं हे आपल्या बाबतीत काही नवीन नाही. इराकमध्ये बसऱ्याला युद्धस्मारक आहे, १९२९ चं, त्यावर गोऱ्यांची नावं कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. हे स्मारक सद्दामने १९९७ मध्ये उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं, ते आकडे बिचारे तिथेही गेले. २०२१ मध्ये ज्या कमिशनकडे या स्मशानभूम्या आणि स्मारकं आहेत त्यांनी स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यात बरेचसे हिंदी, आफ्रिकी, इजिप्तचे, नोंद बरोबरीने ठेवली गेली नाही, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की त्यांची नावाने किंवा मुळातच कुठे नोंदच नाही.

लांब कशाला जा, मावळात माझ्या मित्राचं गाव आहे, तिथे चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, अशा पाट्या घाटावर आणि कोकणात बऱ्याच गावांत सापडतात. इंग्रजीत लिहिलंय, या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. दोन आकडे आणि त्याच्यावर आता गणपती मंडळाच्या वर्गणीचा फलक. मी तिथे उभा होतो तेव्हा एक आजोबा म्हणाले, ती पाणीपट्टीची पाटी हाय.

साहेबाने आपल्याला 'इतर २००' असं मोजलं, आणि आज शंभर वर्षांनी पिक्चरवाला 'पैकी १' असं मोजतोय, आणि आपण दुसऱ्या मोजणीवर खूश व्हायचं?

मग पाहिजे काय, असं वहिनींनी मला त्या दिवशी विचारलंच. मला पाहिजे आहे घाबरलेला माणूस. हे ऐकून सगळे गप्प झाले, सुभेदारसाहेब सोडून, ते मान हलवत होते.

आपल्याकडे युद्धाच्या पिक्चरमध्ये आपला माणूस पाहिजे याचा अर्थ शूर माणूस पाहिजे असाच असतो. व्हिक्टोरिया क्रॉस किती, मर्दुमकी कशी, एकाने किती मारले. आणि आहेत ना, यशवंत घाडगे आहेत, १० जुलै १९४४, इटलीत, मराठा लाइट इन्फंट्री. नामदेव जाधव आहेत, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, भर गोळीबारात दोन जखमी साथीदारांना उचलून बाहेर काढलं. त्यांच्याबद्दल एक शब्द कमी बोलायचा नाही. पण '१९१७'सारख्या काळवंडलेल्या पिक्चरमध्ये शौर्य हा मुद्दाच नसतो. तिथे माणूस थकलेला, ओला, भ्यालेला असतो आणि त्यामुळेच तो आपला वाटतो. ही सवलत गोऱ्या पोराला दोन तास मिळते. सरदार मात्र पाच मिनिटं असतो आणि तेवढ्यातही त्याला ताठच बसावं लागतं.

खरे शिपाई ताठ नव्हते हो. त्यांची पत्रं आहेत, बरीचशी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली कारण स्वतःला लिहिता येत नव्हतं, आणि सेन्सॉरने ती उघडून उतारे इंग्रजीत करून ठेवले म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात, नशीब बघा, घरी पोचलेली गेली आणि साहेबाने चोरून वाचलेली उरली. सेन्सॉर वाचतो हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून कुणी घरी लिहायचा की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची थोडी थोडी वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. वाण्याच्या यादीसारख्या त्या ओळीत घरच्यांना काय ते कळायचं, की भावाला भरती होऊ देऊ नका.

आणि दुसरी गोष्ट, पहिल्याच हिवाळ्यात हाताला गोळी लागलेले शिपाई इतके यायला लागले की साहेबांना संशय आला, हे स्वतःच मारून घेतायत. ब्रायटनच्या दवाखान्यात त्यासाठी एका डॉक्टर कर्नलने हजार जखमा तपासल्या. त्याला तसा पुरावा सापडला नाही, पण संशय घ्यावासा वाटला यातच सगळं आलं. आता कल्पना करा, अंधार, गुडघाभर पाणी, एक बावीस वर्षांचा पोरगा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघतोय. मारून घेतो की नाही ते दाखवूच नका. असा सीन आपल्या माणसाला मिळाला की मी म्हणेन रिप्रेझेंटेशन झालं. पण तो सीन इंग्रज काढणार नाही कारण त्याला आता फार सांभाळून वागायचंय, आणि आपण काढणार नाही कारण दुसऱ्या दिवशी थिएटरच्या काचा फुटतील.

कूटवर कुणी पिक्चर काढत नाही हे तर मला कोडंच आहे. ज्याला मेसोपोटेमियातली सगळ्यात मोठी नामुष्की म्हणतात ती ज्या फौजेवर आली तिचं नाव ६ वी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही नंबरच्या मराठा पलटणी त्यात, खडकीचे सॅपर्स त्यात. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कूट गावात तुर्कांनी कोंडलं ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस. धान्य संपलं, मग घोडे आणि खेचरं कापायला घेतली. गोऱ्यांनी खाल्ली. आपले शिपाई खाईनात. हिंदुस्थानातून तारेने धर्मगुरूंची परवानगी मागवली, तीही आली, तरी खाईनात, स्कर्व्हीने हिरड्यांतून रक्त, पाय सुजलेले, ड्युटीवर उभं राहताना पडायचे, पण उद्या गावात परत गेल्यावर लोक काय म्हणतील. शेवटच्या महिन्यात निम्म्याहून जास्त जणांनी खायला सुरुवात केली असं म्हणतात. पहिल्यांदा जो उठला असेल आणि ज्याने ताट पुढे केलं असेल, आणि शेजारी बसलेल्या त्याच्याच गावच्या माणसाने मान फिरवली असेल का नसेल, यावर दोन तासांचा पिक्चर होतो राव! शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले, आणि जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होते.

हे इंग्रजांनी काढावं असं मी म्हणतच नाही. फिल्म इन्स्टिट्यूट लॉ कॉलेज रोडला, फिल्म अर्काइव्हही तिथेच, खडकीत सॅपर्स, खडकवासल्याला एनडीए, आणि डिव्हिजनला नाव पूना. अजून काय पाहिजे?

त्यावर कुणी म्हणतं की ते इंग्रजांच्या पगारावर लढले, त्यांचं कशाला कौतुक. कौतुक कोण म्हणतंय. आणि एवढंच असेल तर टिळकांचं काय करायचं? १९१८ मध्ये गांधी भरतीसाठी फिरत होते तेव्हा टिळकांनी त्यांना ५० हजारांचा चेक पाठवला, की हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे तुमचे. गांधींनी चेक परत केला. पण म्हाताऱ्याचा हिशोब बघा, नुसती डोकी हवीत तर मिळणार नाहीत, आधी खांद्यावर फीत द्या. गायकवाडवाड्यात बसलेल्या माणसाला १९१८ मध्ये जे कळत होतं ते आज डायव्हर्सिटीचं खातं सांभाळणाऱ्यांना कळत नसेल?

आणि आता आपलं घर. १८९० नंतर साहेबाने महारांची भरती बंद केली, ज्यांच्या बापजाद्यांनी त्याच्यासाठी भीमा कोरेगावच्या लढाईत जीव दिला होता त्यांची, आणि तिथल्या खांबावर त्यांची नावं कोरलेली असताना. पुण्यातल्या शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले, १९१० चा तर थेट लंडनला गेला, की आम्हाला फौजेत आणि पोलिसात घ्या. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये गरज संपल्यावर मोडली. या चार वर्षांत त्या पोरांना काय वाटलं असेल यावर मराठीत एकतरी पिक्चर निघालाय का? आपल्या युद्धपटांत मराठी शिपाई असतो, नाही असं नाही. पलटणीत एक सरदार विनोद करायला, एक दक्षिणेतला अय्यो म्हणायला, आणि एक आपला, आईचं पत्र खिशात घेऊन इंटर्व्हलच्या आधी मरायला. त्याचं आडनाव पाटील किंवा शिंदे. कांबळे आठवतोय कुणाला? ईशान्येकडचा आठवतोय? म्हणजे मेंडिसने जे एका शिखाचं केलं ते आपण प्रत्येक पिक्चरला चार-पाच जणांचं करतो, आणि वर त्याला राष्ट्रीय एकात्मता म्हणतो.

पुढच्या रविवारी मी आणि सुभेदारसाहेब खडकीच्या वॉर सिमेटरीत गेलो. हिरवळ इतकी नीट कापलेली की चप्पल काढून चालावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सोळाशेच्या वर कबरी, सरळ रांगेत, प्रत्येकीवर नाव. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या, हिंदुस्थानात मेलेल्या शिपायांचीही आठवण तिथे ठेवलीय, तिकडून कुणी पोरगा निघाला आणि खडकीत त्याचं नाव राहिलं, त्याच्या गावात कुणाला हे ठाऊक तरी असेल का. साहेब एकेक नाव अडखळत मोठ्याने वाचत होते.

परत येताना होळकर पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आज्ज्याचा भाऊ बसऱ्याला गेल्ता. आला न्हाई."

मी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"आम्ही बसऱ्याचा आज्जाच म्हणायचो. नाव कधी कोण बोललंच न्हाई."

मी सांगितलं की साहेब, मेलेल्यांच्या घरीही पदक पाठवायचे, चांदीचं, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असं सगळं ठोकलेलं असायचं, घरात शोधा, देवघरात, जुन्या पेटीत. त्यांनी लगेच गाडीतूनच साताऱ्याला थोरल्या बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. आक्का पंच्याऐंशीच्या पुढच्या, आधी जेवलास का विचारलं, मग पदकाचं सांगितल्यावर जरा वेळ थांबल्या.

"हुतं की," त्या म्हणाल्या. "राणीच्या रुपयासारखं, पर मोठं. माझ्या लग्नात जोडवी केली न्हवं का त्याची."